असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर सेक्युअर बूट आणि टीपीएम: परतीचा रस्ता आधी, बदल नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरातला किंवा दुकानातला डेस्कटॉप सहसा असेंबल केलेला असतो. कॅबिनेट गावातल्या दुकानातलं, मदरबोर्ड पुण्याहून नाहीतर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आणलेला, ग्राफिक कार्ड कुणाच्या तरी ओळखीतून सेकंडहँड. असं मशीन परवडतं, बिघडलं तर एकेक भाग बदलता येतो. पण त्याच्या फर्मवेअरच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट बायोस म्हणतो त्याच्या, सुरक्षेच्या सेटिंगना हात लावायची वेळ आली की एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हा सगळा मेळ कारखान्यातच बसवलेला असतो. तुमचा बोर्ड, तुमची डिस्क आणि तुमचं ग्राफिक कार्ड एकत्र नीट चालतात का, हे तुमच्याआधी कुणीही तपासलेलं नसतं.

सध्या ही वेळ अनेकांवर आली आहे. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सेक्युअर बूट चालवू शकणारं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं, फर्मवेअर लागतं. मुलांचं कारण वेगळंच असतं: व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर या दोन्ही गोष्टी चालू असल्याशिवाय सुरू होत नाही, बॅटलफिल्ड ६ सेक्युअर बूट मागतो. मग एखादा पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून पोरगा बायोसमध्ये शिरतो आणि सकाळी वडिलांचं टॅली उघडत नाही.

हे काम अवघड नाही. फक्त त्याचा क्रम चुकला तर ते महागात पडतं.

## कोणती सेटिंग काय करते

सेक्युअर बूट चालू असलं की मशीन सुरू होताना फर्मवेअर प्रत्येक बूट फाइलची सही तपासतं. ओळखीची सही असेल तरच पुढे जाऊ देतं. विंडोज उठायच्या आधीच आत शिरणारे व्हायरस अडवायचे असतील तर ही तपासणी लागते, कारण अँटीव्हायरस त्या वेळी जागाच नसतो. २०२३ मध्ये उघडकीला आलेला ब्लॅकलोटस याच जातीचा होता.

टीपीएम म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी चिप. घरगुती बोर्डांवर ती बहुधा वेगळी बसवलेली नसते, ते काम प्रोसेसरच्या पोटातूनच चालतं. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. त्यामुळे टीपीएम नाही असा संदेश दिसला म्हणून वेगळं मॉड्यूल विकत आणायला धावू नका. बहुतेक वेळा ते आत असतंच, फक्त बंद असतं.

सीएसएम ही जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय. ती चालू आहे तोवर सेक्युअर बूट चालू होत नाही. म्हणून बायोसमधल्या कामाची सुरुवात सीएसएम बंद करण्यापासून होते, आणि सगळ्यात जास्त मशीन अडकतात तीही तिथेच.

प्रोसेसरचं वयही आधी बघून घ्या. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढची. त्याआधीच्या प्रोसेसरवर टीपीएम चालू करून विंडोज ११ ची अधिकृत मान्यता मिळणार नाही.

## तुमच्या डिस्कची किल्ली कुणाच्या खात्यात आहे?

मी कुणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी हा प्रश्न विचारतो, आणि दहापैकी नऊ वेळा समोरच्याला तो प्रश्नच कळत नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नव्याने विंडोज टाकलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. होम आवृत्तीवरसुद्धा. ते कुलूप टीपीएमशी बांधलेलं असतं. बायोसमध्ये सेक्युअर बूटचं किंवा टीपीएमचं सेटिंग बदललं की टीपीएमला संशय येतो, तो किल्ली देत नाही, आणि समोर निळी स्क्रीन येते: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. ती की नसेल तर डिस्कमधला डेटा गेला. दुकानदारही काढून देऊ शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. मशीन जोडून देणारा पोरगा विंडोज टाकताना खातं मागितलं की स्वतःचंच खातं टाकतो, किंवा गिऱ्हाइकाच्या नावाने नवीन खातं उघडून त्याला आपला मोबाईल नंबर जोडतो. काम लवकर उरकतं. खानापुरातल्या एका किराणा दुकानदाराकडे मी हेच बघितलं. सहा वर्षांचा हिशेब मशीनमध्ये, आणि खातं कुणाचं विचारल्यावर ते म्हणाले, "ते त्या पोराकडंच असतंय की सर, आम्हाला काय कळतंय त्यातलं." पोरगा तोवर नोकरीला पुण्याला गेलेला. सुदैवाने नंबर तोच होता आणि फोन उचलला गेला. त्या दिवशी बायोसला हात न लावता आम्ही फक्त खातं बदललं, की कागदावर उतरवली आणि बाकीचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं.

म्हणून पहिली पायरी बायोसमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच डिस्कचं कुलूप, चालू आहे का बघा. प्रो आवृत्तीवर या कुलपाचं नाव बिटलॉकर, ते कंट्रोल पॅनेलमध्ये शोधा. चालू असेल तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत तुमचं मशीन निवडा आणि रिकव्हरी की उघडा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट दिसतील. त्याच्या शेजारी की आयडी असतो, तोही लिहून घ्या, कारण एकाच खात्यात दोन-तीन मशीनच्या की असू शकतात. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, दुसऱ्याकडून वाचून घेऊन पडताळा, आणि जिथे शेताचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या ठेवता त्याच फायलीत ठेवा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलेली की कुलपाच्या आतच राहते, गरजेला उपयोगी पडत नाही.

प्रो आवृत्तीवर बायोसमध्ये जाण्याआधी बिटलॉकरच्या पानावर सस्पेंड प्रोटेक्शन दाबा. हे कुलूप तात्पुरतं सैल करणं आहे: डेटा एन्क्रिप्टच राहतो, मात्र किल्ली तेवढ्यापुरती उघडी असते. पण ते एका रीस्टार्टपुरतंच टिकतं. पुढे आपण दोन-तीन फेऱ्यांत बदल करणार आहोत, तेव्हा प्रत्येक फेरीआधी पुन्हा सस्पेंड करायचं. होम आवृत्तीवर सस्पेंडचं बटण दिसत नाही. तिथे की हाताशी ठेवून एकदा टाइप करायची तयारी ठेवा, नाहीतर डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबा. मोठ्या हार्ड डिस्कवर याला बराच वेळ लागतो, मध्येच मशीन बंद करू नका.

की मिळाली तरी बॅकअप घ्यायचाच. टॅलीचा डेटा, घरचे फोटो, डीटीपीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

## लाईट, सेल आणि फोटो

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला झाड तारेवर पडलं की लाईट तासन्‌तास जाते, शहरातही वीज कंपनी हेस्कॉमचा भरवसा धरून काम काढू नये. साधं सेटिंग बदलताना लाईट गेली तर सहसा काही बिघडत नाही, बदल साठवला गेला नाही एवढंच. डिस्कचं रूपांतर आणि बायोस अपडेट या दोन कामांत मात्र लाईट जाणं परवडत नाही. यूपीएस असेल तर त्याची परीक्षा आधी घ्या: विंडोज चालू असताना, सगळ्या फायली बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करा. दहा मिनिटं तग धरली तर ठीक. लगेच ढेपाळला तर त्याची बॅटरी बदलेपर्यंत ही दोन कामं पुढे ढकला.

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ सेल असतो. लाईट नसताना बायोसची सेटिंग आणि घड्याळ तो जपतो. रात्रभर लाईट गेल्यावर सकाळी मशीनची तारीख मागे गेलेली दिसते का? वेबसाइट उघडताना सुरक्षेच्या चुका दाखवतात का? तर तो सेल संपलेला आहे. हे आधी दुरुस्त करा. का, ते बघा: तुम्ही आज टीपीएम आणि सेक्युअर बूट चालू केलं, डिस्कला कुलूप लागलं, आणि महिन्याभराने लाईट रात्रभर गेली. सेल मेलेला असल्याने बायोस मूळ सेटिंगवर गेलं, जुन्या बोर्डावर टीपीएम पुन्हा बंद झालं, आणि सकाळी दुकान उघडल्यावर समोर ४८ आकड्यांची मागणी. मशीन बिघडलेलं नाही, व्हायरस नाही, फक्त घड्याळाच्या दुकानात मिळणारा सेल संपला आहे. पाच-सहा वर्षं जुना बोर्ड असेल तर मी न विचारताच सेल बदलतो.

पण सेल काढला की सेटिंग पुसली जातात. म्हणून त्याआधी फोटो. बायोसमध्ये जा, बहुतेक बोर्डांवर मशीन सुरू होताना डिलीट की दाबत राहायची, काहींवर एफ२. विंडोजमधून जायचं तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. हा शेवटचा पर्याय दिसलाच नाही, तर तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेलं असण्याची शक्यता आहे. आत गेलात की काहीही न बदलता प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. बूटचं पान, सिक्युरिटीचं पान, रॅमचं पान. आणि एक पान लोक हमखास विसरतात: साटाचं किंवा स्टोरेजचं. डिस्क एएचसीआयवर आहे, रेडवर आहे की इंटेलच्या व्हीएमडीवर, हे नीट दिसेल असा फोटो घ्या. बायोस मूळ सेटिंगवर गेल्यावर हा पर्याय बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, आणि माणूस उगीच सेक्युअर बूटला दोष देत बसतो.

## डिस्क कोणत्या पद्धतीची आहे

विंडोजच्या शोधपट्टीत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोड या ओळीपुढे यूईएफआय असेल तर हा भाग सोडून पुढे जा. लेगसी असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. तशीच ठेवून सीएसएम बंद केलं तर मशीनला विंडोज सापडणारच नाही. आधी ती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करायची.

विंडोजमध्येच त्यासाठी साधन आहे, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. डेटा न पुसता ते सिस्टिमची डिस्क बदलतं. नाव एमबीआर-टू-जीपीटी, मात्र टाइप करताना मधला टू इंग्रजी आकड्यात आणि सगळं सलग. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा. आधी नावापुढे स्लॅश व्हॅलिडेट आणि स्लॅश अलाऊ-फुल-ओएस हे दोन शब्द, शेवटच्या शब्दातही जोडरेघ किंवा जागा न देता, लिहून फक्त तपासणी करायची. तपासणी यशस्वी झाली तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून खरं रूपांतर करायचं. डिस्कला बिटलॉकर असेल तर याआधी सस्पेंड.

आपल्याकडे ही तपासणी नापास होण्याचं एक ठरलेलं कारण आहे. डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडायची जुनी सवय. या साधनाला तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग चालत नाहीत, आणि एक्स्टेंडेड भाग तर अजिबात नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीत घेरलेले ड्राइव्ह दिसले तर तो एक्स्टेंडेड भाग. त्यातला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवून, ते भाग काढून, रूपांतर करून मग पुन्हा भाग पाडावे लागतात. एवढी खटपट करायची असेल तर माझा सल्ला सरळ आहे: डेटा बाहेर काढा आणि विंडोज कोऱ्या डिस्कवर नव्याने टाका. अर्ध्या दिवसाचं काम, पण स्वच्छ. डोंगलवर चालणारं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर असेल, मराठी-कन्नड दोन्ही कामं त्यावर चालत असतील, तर त्याची सीडी आणि लायसन्स हाताशी असल्याशिवाय मात्र नव्याने टाकायचा विचार करू नका.

## ग्राफिक कार्ड साथ देईल का

सीएसएम बंद झाल्यावर स्क्रीनवर चित्र आणण्यासाठी ग्राफिक कार्डमध्येही यूईएफआयला समजणारा भाग लागतो. जुन्या कार्डांमध्ये, जीटी २१० किंवा त्या काळातल्या इतर कार्डांमध्ये, तो बहुधा नसतो. जीपीयू-झेड हे मोफत साधन उघडलं की यूईएफआय नावाची चौकट दिसते. तिथे खूण असेल तर निर्धास्त व्हा. नसेल तर दुसरा प्रश्न विचारा: प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक आहे का? इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर नाही. रायझन ५ ३६००, ५६०० यांतही नाही. दोन्हीकडे नकार आला तर सीएसएमला हात लावू नका, आधी कार्ड बदला.

## सीएसएम बंद करा, आणि तिथेच थांबा

बायोसमध्ये ॲडव्हान्स्ड मोडवर जा. आसुस आणि एमएसआयवर एफ७, गिगाबाइटवर एफ२, अॅझरॉकवर एफ६. सीएसएम सहसा बूटच्या पानावर असतं. एमएसआयवर विंडोज ओएस कॉन्फिगरेशन नावाच्या जागी बायोस मोड म्हणून दिसू शकतं, तिथे यूईएफआय निवडायचं. सीएसएम डिसेबल करा, बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे ना बघा, एफ१० दाबून सेव्ह करा.

विंडोज उठलं? मग बाकी काही न करता एकदा लॉगिन करा, थोडा वेळ वापरा. एका फेरीत एकच बदल. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि स्क्रीन काळी झाली, तर कशामुळे झाली हे शोधायला तिप्पट वेळ जातो.

याला एकच अपवाद: याच फेरीत फास्ट बूट किंवा अल्ट्रा फास्ट बूट चालू असेल तर ते बंद करा. ते चालू असताना सुरुवातीला कीबोर्ड ऐकतच नाही आणि बायोसमध्ये परत शिरणं मुश्किल होतं.

## टीपीएम

दुसऱ्या फेरीत टीपीएम. इंटेलवर प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी किंवा पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. गिगाबाइटवर सेटिंग्जमध्ये मिसेलेनियसच्या आत, एमएसआयवर सिक्युरिटीमध्ये ट्रस्टेड कॉम्प्युटिंगच्या आत, इतरांवर ॲडव्हान्स्डच्या पानावर शोधा. एनेबल करा, सेव्ह करा. त्याच पानावर क्लिअर टीपीएम किंवा पेंडिंग ऑपरेशन असेल तर त्याला स्पर्शही नको. चालू करणं निरुपद्रवी आहे, पुसणं नाही. आधीच टीपीएम चालू असेल आणि डिस्कला कुलूप असेल, तर फर्मवेअरचं टीपीएम सोडून वेगळ्या मॉड्यूलवर जायचा पर्यायही निवडू नका. जुन्या किल्ल्या दुसरीकडे जात नाहीत.

विंडोजमध्ये परत येऊन सेटिंग्जमधल्या डिव्हाइस सिक्युरिटीत सिक्युरिटी प्रोसेसर दिसतो का आणि स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० आहे का, पाहा.

एएम४ सॉकेटच्या रायझन मशीनवर एफटीपीएम चालू केल्यावर मध्येमध्ये क्षणभर आवाज आणि चित्र अडकत असेल तर तो जुना दोष आहे. एएमडीने तो २०२२ मध्ये मान्य केला आणि नव्या बायोसमध्ये दुरुस्त केला. उपाय बायोस अपडेट, टीपीएम बंद करणं नव्हे.

## सेक्युअर बूट

तिसरी फेरी. आसुसवर ओएस टाइपमध्ये विंडोज यूईएफआय मोड निवडायचा. बाकीच्यांवर सेक्युअर बूट एनेबल, मोड स्टँडर्ड. सिस्टिम सेटअप मोडमध्ये आहे असं सांगून एनेबल होऊ देत नसेल, तर बूट फाइलची सही तपासायच्या किल्ल्यांची जागा रिकामी आहे. तेव्हा, आणि तेव्हाच, इन्स्टॉल डिफॉल्ट कीज किंवा रिस्टोअर फॅक्टरी कीज दाबा.

तेव्हाच, असं मुद्दाम म्हणतो. या सह्या ओळखण्यासाठी बोर्डात ठेवलेल्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते, आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून बोर्डात उतरवली जातात. तुमच्या मशीनवर हे झालेलं असेल, विंडोजची बूट फाइलही नव्या सहीची असेल, आणि तुम्ही उगीच फॅक्टरी कीज परत आणल्या, तर जुन्या बोर्डाच्या कारखान्यातल्या यादीत नवं प्रमाणपत्र नसतं. मग तो स्वतःच्याच विंडोजला परका समजून अडवतो. असं झालं तर घाबरू नका: सेक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, विंडोजमध्ये जा, आणि बोर्डाच्या कंपनीच्या पानावर २०२३ ची प्रमाणपत्रं असलेलं बायोस आलं आहे का पाहा. बिटलॉकर असेल तर याही वेळी की लागू शकते.

कस्टम मोडमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या काढून स्वतःच्या टाकण्याचे धडे इंटरनेटवर मिळतात. घरच्या मशीनवर हे करू नका. ग्राफिक कार्डाच्या आतल्या फर्मवेअरवरही मायक्रोसॉफ्टचीच सही असते. ती किल्ली काढली तर कार्ड उठणार नाही आणि चूक दुरुस्त करायला स्क्रीनच उरणार नाही.

आता खात्री. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सेक्युअर बूट स्टेट ऑन दिसलं पाहिजे. काही बोर्डांवर मात्र ऑन दिसतं आणि तरी काही अडवलं जात नाही, कारण आत इमेज एक्झिक्युशन पॉलिसी नावाच्या जागी ऑलवेज एक्झिक्युट लिहिलेलं असतं. तसा पर्याय दिसला तर काढता येण्याजोग्या आणि पक्क्या डिस्कसाठी डिनाय एक्झिक्युट करा. की मॅनेजमेंटमध्ये प्लॅटफॉर्म कीच्या नावात डू नॉट ट्रस्ट असे शब्द असतील तर ती चाचणीसाठीची किल्ली विकलेल्या बोर्डात तशीच राहून गेलेली आहे. हा प्रकार २०२४ मध्ये पीकेफेल या नावाने उघड झाला. त्यावर बोर्डाच्या कंपनीचं नवं बायोस हाच इलाज.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी: उबुंटू, मिंट, फेडोरा सेक्युअर बूटसह चालतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना मात्र एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीवर एनरोल एमओके, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का, असं विचारतात. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते. ती हुकली तर ड्रायव्हर चालत नाही, आणि दोष भलत्यालाच लागतो.

## स्क्रीन काळीच राहिली तर

आधी पाच मिनिटं थांबा. सेटिंग बदलल्यावर काही मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतात. मग मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा.

तरीही अंधार असेल तर सीएमओएस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग, पुसायचा. भिंतीवरची वायर काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. बोर्डावर क्लिअर सीएमओएस लिहिलेल्या दोन पिना शोधा. आसुसवर त्या सीएलआरटीसी, एमएसआयवर जेबॅट१ या नावाने असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत जागा दाखवलेली असते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना काही सेकंद एकदम टेकवा. पिना सापडल्या नाहीत तर सेल काढा: कडेची छोटी पत्र्याची जीभ नखाने बाहेर ढकलली की तो टुणकन वर येतो, खालून उचकटायला लागत नाही. पाच-दहा मिनिटांनी परत बसवा, लिहिलेली बाजू वर.

मशीन उठल्यावर फोटो काढा बाहेर आणि साटाचा मोड, रॅमच्या वेगाचं एक्सएमपी सेटिंग, तारीख-वेळ एकेक जुळवा. पुसण्याने टीपीएममधल्या किल्ल्या सहसा जात नाहीत, पण जुन्या बोर्डावर टीपीएम बंद होऊ शकतं. ते पुन्हा चालू केल्यावरच विंडोजकडे वळा. की वारंवार मागत राहिली तर एकदा टाकून आत जा, बिटलॉकर सस्पेंड करून रिझ्यूम करा, मागणी थांबते.

## बायोस अपडेट आणि वाय-एनचा प्रश्न

बायोस अपडेट करायचं असेल तर बोर्डाचं पूर्ण नाव, त्यावर छापलेला रिव्हिजन नंबर, आणि नेमकी तीच फाइल. गिगाबाइटवर एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या रिव्हिजनच्या फायली वेगळ्या असतात. फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून, बायोसच्याच साधनाने, यूपीएसवर आणि बिटलॉकर सस्पेंड करून.

एएमडी मशीनवर अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक मजकूर येतो: नवा प्रोसेसर बसवला आहे किंवा एफटीपीएमची रचना बदलली आहे, पुसण्यासाठी वाय दाबा, तसंच ठेवण्यासाठी एन. लोक घाईत वाय दाबतात. वाय दाबलं की किल्ल्या गेल्या, डिस्क रिकव्हरी की मागणार, विंडोजचा पिनसुद्धा नव्याने ठरवावा लागणार. कागदावर की नसेल तर एन दाबा आणि थांबा. प्रोसेसर बदलला असेल तर जुना परत बसवून, एकदा विंडोजमध्ये जाऊन, बिटलॉकर पूर्ण बंद करून मग पुढचं.

## पासवर्ड, आणि सेकंडहँड बोर्ड

बायोसला ॲडमिनिस्ट्रेटर किंवा सुपरवायझर पासवर्ड लावला की दुसरं कुणी सेटिंग बदलू शकत नाही. घरी पोरं गेमसाठी बायोसमध्ये शिरत असतील तर लावाच. मात्र बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर सेल काढला की तो निघून जातो, तेव्हा चोरीपासून संरक्षण म्हणून त्याकडे बघू नका. ते काम डिस्कच्या कुलपाचं. पासवर्ड साधी अक्षरं आणि आकडे वापरून ठेवा, आणि कीच्या कागदावर खाली लिहा.

जुना बोर्ड विकत घेताना विकणाऱ्यासमोरच बायोस उघडायला लावा. पासवर्ड मागितला तर त्यालाच काढायला सांगा. सेक्युअर बूट कस्टम मोडवर असेल, तर कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकण्याआधी फॅक्टरी कीज परत आणा. इथे ते योग्य आहे, कारण जपायला जुनं विंडोज नाही.

आणि स्वतःचं मशीन कुणाला द्यायचं असेल तर हा क्रम: डेटा काढा, डिस्क पुसा, बायोसमधून टीपीएम क्लिअर करा, पासवर्ड काढा, शेवटी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइस यादीतून ते मशीन काढून टाका. नव्या मालकाला विंडोज स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या नंबरावर टाकायला सांगा, आणि त्याची की तुमच्यासमोरच कागदावर उतरवून घ्यायला लावा.